गुरवाचा कौल

डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि हे संडासात होते.

"थांबूया का त्यांच्यासाठी?" बाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "ते आले तरी परत जातील. तुम्ही मला सांगा."

खरं सांगायचं तर मला काही ऐकायचं नव्हतं. पहाटेच्या एसटीने निघून आम्ही गोव्याच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलो होतो आणि वाटेत ड्रायव्हरच्या हातापाया पडून मी गाडी किती वेळा थांबवायला लावली, ते माझं मला ठाऊक. माझे डोळे चुरचुरत होते. पण ऐकणारं दुसरं होतंच कोण? मुलगी सासरी, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं. म्हणून मी पदर सावरून बसले.

केंकरे डॉक्टरीण तशी भली बाई. आमच्यासारख्यांशी बोलताना आवाज चढवायची नाही. तिने कागद ओढला आणि त्यावर आतड्याचं शेवटचं टोक काढलं, उलट्या धरलेल्या तांब्यासारखं.

"विजेचे शेक दिले, गोळ्या दिल्या, त्याने गाठ पुष्कळ आकसली," ती म्हणाली. "पण गेली नाही. पूर्ण गेली असती तर मी म्हटलं असतं, ऑपरेशन आत्ता नको. दर दोन-तीन महिन्यांनी तपासत राहू. काही लोकांना तसं ठेवता येतं. तुमच्या मिस्टरांची थोडी उरलीय. नुसती बघत बसले तर ती वाढेल, याची मला भीती आहे."

"मग?"

"मग दोन ऑपरेशनं आहेत. एकात गाठ काढून वरचं आतडं खाली जोडायचं. काही महिने पोटावर पिशवी, मग ती बंद. ऐकायला बरं वाटतं. पण ही गाठ आवळून धरणाऱ्या स्नायूला टेकलीय. मी जोडलं तरी त्यांचा ताबा राहील असं मला वाटत नाही. आत्ता धावतात तसेच जन्मभर धावतील. आणि आजाराचा अंश मागे राहिला तर परत पहिल्यापासून."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्यात तो सगळा भाग काढायचा. खालची वाट कायमची शिवून टाकायची. पोटावर वाट करायची आणि तिथे पिशवी, कायमची. माझ्या मते त्यांच्यासाठी हेच. शेक संपून बरेच दिवस झालेत, आता फार थांबता येणार नाही. पुढच्या आठवड्यात मला फोन करून सांगा."

तेवढ्यात हे आले. चेहरा कागदासारखा पांढरा. खुर्चीच्या कडेवर अर्धवट टेकले, डॉक्टरणीकडे बघून कसंनुसं हसले आणि म्हणाले, "नमस्कार, मॅडम." आणि परत उठून गेले.

हे म्हणजे विश्राम गुरव. आमच्या गावच्या रवळनाथाची पूजा त्यांच्या घराण्याकडे. पूजा करणारे गुरव पुष्कळ, पण कौल लावणारा असा माणूस पंचक्रोशीत नव्हता, हे मी बायको म्हणून सांगत नाही. कौल म्हणजे देवाला विचारणं. देवाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलीचं लग्न ह्या घरात करू का, विहीर इथे खणू का, मुंबईला जाऊ की गावातच राहू, सगळं गाव ह्यांच्या हातून विचारायचं. कौल लागला की मनातली रुखरुख संपली. मग नवरा दारुडा निघो की विहीर कोरडी, कोणी हूं की चूं करायचं नाही.

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही स्टँडवर उभे होतो. बसायला जागा होती, पण ह्यांना बसवत नव्हतं.

"काय सांगल्यान डॉक्टरणीन?"

मी सांगितलं. तिन्ही वाटा सांगितल्या, काही गाळलं नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ समोरच्या केळीवाल्याकडे बघत राहिले.

"पोटार पिशवी? जल्माची?"

"व्हय."

"ती घेवन मी गाभाऱ्यात जाव? सोवळा नेसान, देवाक न्हाणी घालूचा, आणि हयसर," त्यांनी पोटावर हात ठेवला, "हयसर माजा सगळा लटाकलेला? कोणी आत घेतीत माका? मीच माका घेवचंय नाय."

"आता खयचा सोवळा उरला हा?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "धोतरा कोण धुता? रगत कोण बघता?"

बोलले आणि जीभ चावली. मला मेलीला तेव्हा कशाचंच भान राहिलं नव्हतं. कित्येक महिने हेच चाललं होतं. हे दिवसातून इतक्या वेळा जायचे आणि दर वेळी आंघोळ करायचे, कारण आंघोळ केल्याशिवाय देवळाची पायरी चढायची नाही. थंडीत अंग काकडायचं, तरी विहिरीवर उभे. गावात सांगितलं होतं मूळव्याध आहे. कोणालाही ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि मी त्या मूळव्याधीच्या नावाखाली शेजारणींनी आणून दिलेले पाले वाटून गप उकिरड्यावर टाकत होते.

एसटी आली. चढता चढता हे म्हणाले, "देवाक इचारूया."

त्या वेळी मला काय वाटलं सांगू? मला रडावंसं वाटलं. राग आला म्हणून नव्हे. हे सगळं एकदाचं कोणीतरी ठरवून टाकावं, देवाने नाहीतर डॉक्टरने, आणि मला पाठ टेकू द्यावी, एवढंच वाटत होतं.

गुरवाला स्वतःचा कौल स्वतः लावता येत नाही. म्हणून तो लावायचा माझ्या दिराने, जयवंताने. जयवंत पंचायतीचा नळपाणीवाला, अंगाने आडदांड, पण मनाने लोण्याचा गोळा. ह्यांच्या पुढे तोंड वर करून कधी बोलला नाही.

"दादा, माज्यानी होवचा नाय," तो म्हणाला. "दुसऱ्याचो लावतंय. तुजो कसो लाव?"

"तसोच. हात थरथरवू नको म्हणजे झाला."

आणि मग प्रश्न. देवाला उजवी आणि डावी अशा दोनच बाजू, तिसरी वाट तिथे विचारता येत नाही. म्हणून प्रश्न बांधावा लागतो, आणि त्यात ह्यांचा हातखंडा. ओटीवर एका कुशीवर आडवे होऊन ह्यांनी जयवंताला सांगितलं, "असा घाल. देवा, तुज्या चाकरान अंगार शस्त्र लावून घेवचा नाय, आसा तसाच ऱ्हवाचा, असा तुज्या मनात आसात तर उजवो दी."

मी आतून बाहेर आले. हातात पीठ तसंच. "ह्यो प्रश्न वाकडो बांधलात."

"गुरव मी काय तू?"

"तुमी. म्हणानच सांगतंय. डॉक्टरीण कायमची पिशवी सांगता. तां खय हा तुमच्या प्रश्नात? 'काय करू नको' ह्याच तेवढा देवापुढे ठेवलात. पोटार पिशवी घेवन जगाचा हा काय नाय, तां इचारा!"

जयवंत एकदा माझ्याकडे बघे, एकदा ह्यांच्याकडे.

"वैनी बोलता तां..." त्याने सुरुवात केली.

"मी सांगतंय तसोच घालूचो," हे म्हणाले आणि उठून परसाकडे गेले. आमचं बोलणं ते हे असं, अर्ध्यावर तुटायचं.

रविवारी सकाळी देवळात मोजकीच माणसं होती. मानकरी म्हणून आपा परब, बारा-पाचाच्या मानाच्या घराण्यांतले दोन-चार जण, जयवंत आणि मी. आमच्या देवळात बायका खालच्या चौकात उभ्या राहतात, वरच्या चौकात चढत नाहीत. मी खांबाला टेकून उभी. माझ्या पिशवीत टॉवेल, जुनं धोतर, पाण्याची बाटली. ही पिशवी तेव्हा माझ्या खांद्यावरून उतरतच नसे.

हे वरच्या चौकात, देवासमोर उघड्या अंगाने पाटावर बसले. पहिल्यांदाच मी त्यांना गाभाऱ्याच्या बाहेर, विचारणाऱ्याच्या जागेवर बघत होते. आमच्याकडची रीत अशी की, ज्याचा कौल त्याने पाकळी पडेपर्यंत जागचं हलायचं नाही. उठला तर कौल मोडला. मग गाऱ्हाण्यापासून परत सगळं.

जयवंताने पाकळ्या लावल्या. "पाणी जास्त झाला," हे पाटावरून म्हणाले. सवयच ती, राहवतंय कुठे? जयवंताने पुसून परत लावल्या.

आपा परबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, आज तुजो चाकर तुज्या पायाकडे येवन बसलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"आजवर त्यानी दुसऱ्यांसाठी हात जोडल्यान, आज आपल्यासाठी जोडता हा..."

"व्हय म्हाराजा!"

"अंगार शस्त्र लावूचा नाय, आसा तसाच ऱ्हवाचा, असा तुज्या मनात आसात तर उजवो दी, नायतर डावो, पण लेकराक निवाडो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीसुद्धा म्हटलं. पण माझ्या मनात एकच चाललं होतं: डावी पडू दे, डावी पडू दे, ऑपरेशन होऊ दे.

थोडा वेळ गेला आणि हे उठले. कोणाकडे न बघता देवळामागे गेले. कौल मोडला. विहिरीवर आंघोळ करून ओलेत्याने परत आले, परत पाटावर बसले. परत पाकळ्या, परत गाऱ्हाणं. परत उठले. माणसं आपापसात कुजबुजायला लागली. आपांनी घसा खाकरला. "विश्राम, आज बरा नसात तर फुडल्या रविवारी..."

"नाय," हे म्हणाले. "आजच."

तिसऱ्यांदा बसले तेव्हा मी त्यांचं तोंड बघितलं. मला त्यांचं सगळं कळायचं. मान कशी ताठ होते, ओठ कसे आत जातात, कानशिलावर घाम कसा येतो. त्यांना लागली होती आणि हे धरून बसले होते. जे धरायची ताकद शेकाने आणि गाठीने केव्हाच खाल्ली होती, ते धरून बसले होते. पाकळ्या जागच्या हलेनात. जयवंत मूर्तीशेजारी हात जोडून उभा. समई जळतेय. कोणी खोकतसुद्धा नाही.

"उठा," मी खालून हळूच म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

"ओ, उठा. मोडूनदे कौल."

त्यांनी डोळे मिटले. आणि मग जे व्हायचं ते झालं. तिथेच, पाटावर, देवाच्या समोर, सगळ्यांच्या देखत.

आधी कोणाला कळलं नाही. मग वास आला. मागे कोणीतरी नाकाला उपरणं लावलं. हे तसेच बसले होते, हात गुडघ्यावर, डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

मी पायरी चढले. वरच्या चौकात बाई चढत नाही, हे मला तेव्हा आठवलंही नाही आणि कोणी आठवणही करून दिली नाही. पिशवी उघडली, टॉवेल काढला, त्यांच्या कमरेला गुंडाळला. आपा परबांनी स्वतःचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं. कोणीतरी म्हणालं, "देऊळ धुवचा लागतला."

ह्यांनी डोळे उघडले. "मी धुतंय," ते म्हणाले. "तां माजा काम."

"बसा गप," मी म्हणाले आणि जुन्या धोतराने फरशी पुसायला लागले.

मी पुसत होते तेव्हा जयवंताच्या तोंडून बारीक आवाज निघाला. सगळ्यांनी वर बघितलं. मूर्ती मोकळी होती. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या.

"खयची पयली पडली?" आपांनी विचारलं.

जयवंताने खाली पडलेल्या पाकळ्यांकडे बघितलं. मग मान हलवली. "मी दादाकडे बघी होतंय."

आपांनी एकेकाकडे बघितलं. कोणी बघितलं नव्हतं. पाटावरून ह्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. कौलात बाईला कोणी काही विचारत नाही, पण त्यांनी मलाच विचारलं.

"तू बघलंस?"

तेव्हा मी "डावी" म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. तो शब्द जिभेवर होता. पण अंगात खोटं बोलायचंसुद्धा त्राण नव्हतं.

"मी बघूक नाय," मी म्हणाले. "मी तुमच्याकडे बघी होतंय."

त्यांनी मूर्तीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे देव पण माज्याकडेच बघी होतो." आणि उठले. आम्ही घरी आलो. मागे जयवंत आणि आपा देऊळ धुवायला लागले होते, बादल्यांचा आवाज येत होता.

विहिरीवर मी ह्यांना दगडावर उभं केलं आणि पाणी घालायला लागले. पाठीवर, मांड्यांवर, पायांवर. शेकाने कातडी काळवंडली होती, तिथे हलक्या हाताने. माझे खांदे भरून आले होते. रहाट ओढताना वाटत होतं, आता हात तुटून विहिरीत पडतील.

"इतकी वर्सां लोकांक उजवो-डावो सांगत इलंय," हे म्हणाले. "लोक कित्याक येतत तां आज कळला."

"कित्याक?"

"एकट्यान ठरवूची भिती वाटता म्हणान."

मी आणखी एक कळशी ओतली.

"मी कोणाक इचारूक नाय, तां तुका इचारतंय," ते म्हणाले. "तुका काय होया, गो?"

कळशी माझ्या हातात तशीच राहिली. असं काही विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. आज भाजी काय करू हे मी त्यांना विचारायचे, मला काय हवं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी विचार केला नव्हता. उत्तर मात्र लगेच आलं.

"माका झोप होयी," मी म्हणाले. "आणि उठल्यार तुमी समोर होयेत. पिशवी घेवन, नायतर कसेय. धुवचा काय तां मी आतापण धुतंयच. पण तुमी होयेत."

एवढं बोलले आणि कळशी खाली ठेवून मी रडले. मोठ्याने, कुंपणाच्या गडग्यापलीकडे ऐकू जाईल असं. त्यांनी माझ्या खांद्यावरचा कोरडा टॉवेल घेतला आणि स्वतःचं अंग स्वतः पुसलं.

"जा," ते म्हणाले. "नीज जा."

पुढचं सगळं पुढे झालं. ऑपरेशन झालं. महिनाभर त्यांना धड बसता येईना, पिशवी बघायला नको म्हणून ते छताकडे तोंड करून पडायचे, मग एके दिवशी माझा हात बाजूला करून स्वतःच बदलायला लागले. गावाने परत एकदा कौलाचा घाट घातला की, पिशवीवाल्या गुरवाने गाभाऱ्यात जावं की न जावं. हे म्हणाले, "माजो कौल झालो. तुमच्या सगळ्यांच्या देखत झालो." मग आंघोळ करून आत गेले आणि देवाला न्हाणी घातली. आपा परब दारात उभे होते, ते बाजूला झाले. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी घरात गेले, चटई टाकली आणि हातावर डोकं ठेवून पडले. डोळा केव्हा लागला कळलं नाही. जाग आली ती ह्यांच्या आवाजाने. दुपार कलायला आली होती. अंगणाच्या टोकाला, गडग्यावर चढून, जिथे फोनला रेंज लागते तिथे उभं राहून हे बोलत होते. रविवार होता, तरी डॉक्टरणीने फोन उचलला होता. मूळव्याध सांगून सांगून ज्याने सगळ्या गावाला गप्प बसवलं होतं, तो माणूस अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता:

"हॅलो! हॅलो, मॅडम! विश्राम गुरव! कॅन्सरवाला! हां, हां, तेच ऑपरेशन! नाही, जोडू नका! पोटावरची! हो, पिशवी! कायमची, कायमची! तारीख सांगा!"

शेजारच्या घरात भांडी घासायचा आवाज थांबला. उठून बाहेर जावं, त्यांना हळू बोलायला सांगावं, असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, ओरडू देत. मी कूस बदलली आणि परत झोपले.